डिहायड्रेशन: कोणाला कोणतं द्रव, किती आणि का?

मिलीमोल

पोटाच्या तक्रारींच्या धाग्यावर "जुलाबात ग्लुकोज पावडरचं पाणी देत राहा, ताकद येते" असा सल्ला आला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

"पाणी कमी झालं" म्हणताना नेमकं काय कमी झालं हे आधी बघायला हवं. जुलाबातून पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट जातं. कॉलऱ्याच्या जुलाबात प्रौढांच्या बाबतीत लिटरमागे १३० मिलीमोलच्या (क्षारांचे कण मोजायचं एकक) आसपास सोडियम असतं, रोटाव्हायरसच्या जुलाबात ४० च्या आतबाहेर. सतत उलट्या झाल्या तर पोटातलं आम्ल आणि त्याबरोबर क्लोराइड जातं. घामातलं सोडियम माणसागणिक २० ते ८० मिलीमोल. आणि ताप, धाप किंवा नुसतं पाणी न पिणं यात जातं ते जवळजवळ निव्वळ पाणी. चार तऱ्हांची तूट चार तऱ्हांनी भरावी लागते.

जुलाबासाठी उत्तर ठरलेलं आहे: ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र एका लिटरला असं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम. त्यातून सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १० मिलीमोल, ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या सगळ्या कणांची मिळून दाटी) २४५. आधीच्या सूत्रात सोडियम ९०, ग्लुकोज १११ आणि एकूण ३११ होती. ती उतरवल्यावर मुलांमध्ये शिरेतून सलाइन लावायची वेळ सुमारे ३३ टक्क्यांनी, जुलाबाचं प्रमाण २० टक्क्यांनी आणि उलट्या ३० टक्क्यांनी कमी झाल्या.

ग्लुकोज तिथे ताकदीसाठी नाहीच. लहान आतड्याच्या पेशीत एसजीएलटी-१ नावाचा वाहक असतो, तो ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढतो आणि त्यांच्यामागे पाणी येतं. कॉलऱ्याचं विष आतड्यातून क्लोराइड बाहेर फेकायला लावतं, पण या वाहकाला धक्का लावत नाही. म्हणून जुलाब जोरात चालू असतानाही ओआरएस शोषलं जातं. मीठ नसलेल्या ग्लुकोजच्या पाण्यात या जोडीतला अर्धा भागच गायब असतो.

---

सदाशंका

म्हणजे साखर जास्त घातली तर पाणीही जास्त ओढलं जाईल, असं नाही का? फळांचा रस, कोला यांत तर भरपूर साखर असते.

---

मिलीमोल

उलट होतं. रक्ताची ऑस्मोलॅरिटी २८५-२९० च्या आसपास. रस आणि कोला ६००-७०० च्या घरात, काही रस त्याहूनही वर. इतकं दाट द्रव आतड्यात उतरलं की शरीरातलं पाणीच आतड्याकडे ओढलं जातं, जुलाब वाढतात. सोडियम मात्र लिटरला जेमतेम दोन-चार मिलीमोल. पाणी गेलं, मीठ आलं नाही, साखर आतड्यात पडून राहिली. लहान बाळाची तब्येत अशाने काही तासांत ढासळू शकते.

---

चिमट

सरसकट रसाला नाही म्हणू नका. २०१६ साली कॅनडात ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६४७ मुलांवर चाचणी झाली होती. सौम्य गॅस्ट्रो आणि अगदी किरकोळ डिहायड्रेशन असलेली मुलं. एका गटाला अर्धं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि नंतर मुलाला आवडेल ते पेय, दुसऱ्याला चवीचं ओआरएस. उपचार फसण्याचं प्रमाण पहिल्या गटात १६.७ टक्के, दुसऱ्यात २५ टक्के. कारण साधं आहे: मुलं ओआरएस तोंडात धरत नव्हती. न प्यायलेलं आदर्श द्रव काय कामाचं?

---

वॉर्डसिस्टर

चिमट, चाचणी बरोबर, पण तिचा निकष सोडू नका. "किरकोळ" डिहायड्रेशन, खेळतं मूल, दवाखाना हाकेच्या अंतरावर. पाण्यासारखे धो-धो जुलाब असलेल्या, डोळे खोल गेलेल्या मुलाला हा निकाल लावला तर घोटाळा होईल. आणि रस अर्धा पातळ केलेला होता, ही गोष्ट पुढे सांगताना नेमकी गळते.

---

चिमट

मान्य. म्हणून आधी पायरी ओळखायची. संघटनेच्या पद्धतीत चार खुणा बघतात: मुलाची अवस्था, डोळे, तहान आणि पोटाच्या कातडीची चिमट (कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती लवकर बसते). चिडचिडं किंवा बेचैन, डोळे खोल, आधाशासारखं पितंय, चिमट सावकाश बसते. यातल्या दोन खुणा असल्या तर मध्यम. सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पाणी धड घेताच येत नाही, चिमट बसायला २ सेकंदांहून जास्त. यातल्या दोन असल्या तर तीव्र.

चिमट बेंबी आणि कुशीच्या मधोमध, उभ्या रेषेत, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागाने घ्यायची. नखं लावायची नाहीत. गुटगुटीत बाळात चिमट लगेच बसते म्हणून फसायला होतं, कुपोषित मुलात आणि म्हाताऱ्या माणसात ती नेहमीच सैल असते. त्या तिघांत चिमटीवर निर्णय घेऊ नये.

मात्रा:

खुणा नसतील तर दर जुलाबामागे २ वर्षांखाली ५० ते १०० मिली, २ ते १० वर्षांत १०० ते २०० मिली, त्यापुढे मागेल तेवढं.

मध्यम असेल तर ४ तासांत किलोमागे ७५ मिली. १० किलोच्या मुलाला ७५० मिली. चार तासांनी पुन्हा तपासायचं आणि मग पुढचं ठरवायचं. मूल त्याहून जास्त मागत असेल तर द्यायचं. अंगावरचं दूध मध्येही चालूच ठेवायचं.

तीव्र असेल तर शिरेतून, त्याबद्दल अतिदक्ष लिहितीलच.

जोडीला झिंक: ६ महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले की पालक हे बंद करतात, ते करू नये.

---

सदाशंका

उलटी होत असेल तर ७५ मिली किलोमागे जाणार कसं? पाजलं की बाहेर.

---

वॉर्डसिस्टर

वाटीभर एकदम पाजलं की बाहेर येतंच. उलटी झाल्यावर १० मिनिटं थांबायचं. मग चहाच्या चमच्याने ५ मिली, दर दोन मिनिटांनी. थोडकं वाटतं पण तासाला १५० मिली होतं; १० किलोच्या मुलाचे ७५० मिली पाच तासांत जातात, तेही बहुतेक उलट्या न होता. तासाभराने उलटी थांबलेली असली की एका वेळी १० मिली करा. बाटलीपेक्षा चमचा किंवा सुईशिवायची सिरिंज बरी, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू. तहानलेलं मूल भांडं हिसकावतं, तिथेच आई-वडिलांचा धीर सुटतो आणि अख्खा पेला दिला जातो.

तरीही राहत नसेल तर डॉक्टर उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस देतात (किलोमागे साधारण ०.१५ मिग्रॅ). त्यानंतर १५-३० मिनिटांनी पुन्हा चमचा सुरू. उलटी हिरवी असेल, पोट फुगलं असेल, रक्त असेल तर हे सगळं बाजूला, सरळ दवाखाना.

पुड्यांबद्दल, कारण खरा गोंधळ तिथे होतो:

एक लिटरची पुडी पेलाभर (२०० मिली) पाण्यात घातली तर सोडियम ३७५ होतं आणि ऑस्मोलॅरिटी १२०० च्या पुढे. हे औषध राहत नाही, बाळाच्या मेंदूला धोका आहे. २०० मिलीसाठीच्या छोट्या पुड्या वेगळ्या मिळतात. पुडीवर पाण्याचं माप छापलेलं असतं, ते आधी वाचा.

लिटरची पुडी "अर्धी आज, अर्धी उद्या" करू नका. पुडीत क्षार आणि ग्लुकोज एकसारखे पसरलेले नसतात, एका अर्ध्यात मीठ जास्त येतं. शिवाय उघडी पुडी ओल धरते.

पाणी उकळून गार करून मग पुडी घाला. घातल्यावर उकळू नका. दुधात, रसात, कोल्यात पुडी कालवू नका, वर साखर तर नकोच. केलेलं द्रव २४ तासांनी ओतून टाका.

आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएससारखं नाव असलेली गोड तयार पेयं असतात. मागे घटक वाचा. लिटरला सोडियम ७५ च्या जवळ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम नसेल तर ते सरबत आहे.

---

लांबपल्ला

पुडी नसेल तर घरचं चालतं ना? मीठ-साखर-पाणी.

---

मिलीमोल

चालतं, मापाने केलं तर. १ लिटर पाणी, साखर ६ सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलीचा, आणि सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने फिरवून सपाट केलेला.

हिशोब: अर्धा चमचा मीठ सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे सोडियम ५० च्या आसपास. ६ चमचे साखर सुमारे २५ ग्रॅम. आतड्यात फुटल्यावर ग्लुकोज ७३ मिलीमोल आणि तेवढंच फ्रुक्टोज. एकूण २५० च्या जवळपास. ठीक बसतं. पण त्यात पोटॅशियम नाही आणि आम्लता सावरणारं सायट्रेट नाही, म्हणून पुडी मिळेपर्यंतचीच ही सोय.

चुकतं कुठे? मिठाचा चमचा शीग लावून भरला जातो. एक पूर्ण सपाट चमचा मीठ गेला तरी सोडियम १०० च्या वर जातं. मीठ घालून, साखर घालायच्या आधी चाखून बघा. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओता आणि नव्याने करा.

---

भ्रमर

थोडं अवांतर: १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पिशव्यांत भरून घेतलं, पिंपांत कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते त्यांच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. त्यात पोटॅशियमही नव्हतं. प्रमाण नीट असेल तर नर्स नसलेला माणूसही हे करू शकतो, हे तिथेच दिसून आलं.

---

अतिदक्ष

तीव्र डिहायड्रेशनवर लिहितो. घरी करण्याजोगं यात काही नाही, पण बाटलीवर काय लिहिलंय ते कळायला हरकत नाही.

पहिली पसंती रिंगर लॅक्टेट (आरएल). नसेल तर ०.९ टक्के नॉर्मल सलाइन. एकूण किलोमागे १०० मिली: वर्षाखालच्या बाळाला आधी ३० मिली एका तासात, मग ७० मिली पाच तासांत. वर्षावरच्यांना आणि मोठ्यांना ३० मिली अर्ध्या तासात, मग ७० मिली अडीच तासांत. नाडी अजून हाताला लागत नसेल तर ३० मिलीचा टप्पा पुन्हा. पिता यायला लागलं की तासाला किलोमागे ५ मिली ओआरएस जोडीला सुरू करायचं, कारण आरएलमध्ये पोटॅशियम जेमतेम ४-५ आहे. शीर मिळत नसेल आणि दुसरीकडे न्यायला वेळ लागणार असेल तर नाकातून नळी घालून ओआरएस, तासाला किलोमागे २० मिली, सहा तास. पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या तर वेग कमी.

आता बाटल्या.

नॉर्मल सलाइन: सोडियम १५४, क्लोराइडही १५४. नाव नॉर्मल, पण रक्तात क्लोराइड १०० च्या आसपास असतं. भरपूर चढवलं की रक्त आम्लधर्मी होतं, आणि जुलाबाच्या रुग्णाची आम्लता आधीच वाढलेली असते. उलट्यांनी क्लोराइड गेलेलं असेल तिथे मात्र हीच बाटली, पोटॅशियम घालून, सगळ्यात चपखल.

आरएल: सोडियम १३०, क्लोराइड १०९, लॅक्टेट २८. लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं.

५ टक्के डेक्स्ट्रोज (डी-५): बाटलीत २७८ ऑस्मोलॅरिटी, पण ग्लुकोज पेशींनी वापरला की उरतं साधं पाणी. ते सगळ्या शरीरात पसरतं. लिटरपैकी रक्तवाहिन्यांत जेमतेम ८० मिली टिकतं. नॉर्मल सलाइनचं साधारण २५० मिली. शॉकमध्ये (बीपी कोसळून अवयवांना रक्त पुरत नाही तेव्हा) डी-५ देणं म्हणजे बीपी तसंच आणि सोडियम खाली.

डीएनएस (डेक्स्ट्रोज अधिक सलाइन): "ताकदीची बाटली" म्हणून फार लाडकी. लिटरला ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी, एका पोटभर नाश्त्याहून कमी. पटापट चढवली की रक्तातली साखर वाढते, लघवीतून साखर जाते आणि तिच्यामागे पाणीही जातं. तूट भरायला ही बाटली जोरात सोडू नये.

---

सदाशंका

आरएलमध्ये पोटॅशियम आहे म्हणून किडनीच्या रुग्णाला देत नाहीत असं ऐकलंय.

---

अतिदक्ष

हा समज चिवट आहे. ४ मिलीमोल पोटॅशियम असलेलं द्रव रक्ताचं पोटॅशियम ६ वर नेऊ शकत नाही, ते ४ कडेच ओढेल. सलाइनने वाढलेल्या आम्लतेमुळे पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं, त्यामुळे सलाइननेच ते वाढण्याचा संभव जास्त. किडनी प्रत्यारोपणातल्या चाचण्यांत हेच दिसलं.

मात्र सलाइनला खलनायक करायचीही गरज नाही. २०१८ च्या स्मार्ट चाचणीत १५,८०२ रुग्ण होते. किडनीचं नुकसान किंवा मृत्यू या एकत्रित निकषात आरएलसारख्या द्रवांना १४.३ आणि सलाइनला १५.४ टक्के, इतकाच फरक. नंतरच्या बेसिक्स (२०२१) आणि प्लस (२०२२) चाचण्यांत ९० दिवसांच्या मृत्युदरात ठोस फरक निघाला नाही. डोक्याला मार असलेल्यांत तर सलाइनच बरं, कारण आरएल किंचित पातळ (सुमारे २७३) आहे आणि मेंदूची सूज वाढू शकते. हाताशी सलाइनच असेल तर आरएलची वाट बघत बसू नये.

दोन सावधगिऱ्या. आरएलमध्ये कॅल्शियम आहे. सेफ्ट्रिॲक्सोन (एक अँटिबायोटिक) त्याच नळीतून एकाच वेळी नको, आणि २८ दिवसांखालच्या बाळात ही जोडीच नको. दुसरी: पोटॅशियम क्लोराइड बाटलीत घालून नीट हलवायचं, लघवी होतेय याची खात्री करायची, हाताच्या शिरेतून प्रौढांना तासाला १० मिलीमोलच्या वर सहसा नाही. थेट सिरिंजने कधीही नाही, हृदय थांबतं.

---

लांबपल्ला

पळणाऱ्यांचं काय? स्पोर्ट्स ड्रिंक की ओआरएस?

---

मिलीमोल

तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणी पुरे. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर ६ टक्क्यांच्या आसपास, सोडियम लिटरला २० मिलीमोल. ते स्नायूंना इंधन द्यायला बनवलंय, तूट भरायला नव्हे. जुलाबात ते नको. लांब पल्ल्यात इंधन लागतं तिथे ठीक.

नंतर भरपाई वजनावरून: घटलेल्या दर किलोमागे १.२५ ते १.५ लिटर, काही तासांत, खारट खाण्याबरोबर. नुसतं पाणी ढोसलं तर सोडियम पातळ होतं आणि तूट भरायच्या आधीच ते पाणी लघवीतून निघून जातं.

उलटा धोका जास्त गंभीर. शर्यतीनंतर वजन वाढलेलं, डोकं दुखतंय, मळमळ, गोंधळ उडालाय: हे डिहायड्रेशन नाही, जास्त पाण्याने सोडियम घटलंय. त्याला आणखी पाणी पाजलं किंवा नॉर्मल सलाइनची बाटली लावली तर झटके येऊ शकतात. तिथे ३ टक्के सलाइनचे १०० मिली द्यावे लागतात, रुग्णालयात.

---

वॉर्डसिस्टर

म्हातारी माणसं राहिली. त्यांना तहान कमी लागते, लघवीला सारखं जावं लागू नये म्हणून काही जण पाणी टाळतात. काखेतला कोरडेपणा, जिभेवरच्या भेगा, उभं राहताना घेरी, नवीन गोंधळलेपणा याकडे बघा. लघवीच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, मधुमेहाच्या "-फ्लोझिन" वर्गातल्या गोळ्या जुलाब-उलट्यांत तात्पुरत्या बंद कराव्या लागतात, डॉक्टरांना विचारून. फ्लोझिनच्या बाबतीत साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठण्याचा विकार, म्हणजे किटोअॅसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे "शुगर ठीक आहे" यावर विसंबू नका.

मधुमेही माणसाला ओआरएस चालतं. लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आहे, जुलाबात तो द्यायलाच हवा. साखर तपासत राहा, बस. किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर मात्र मात्रा डॉक्टर ठरवतील. २० मिलीमोल पोटॅशियम आणि जादा पाणी दोन्ही त्यांना जड जाऊ शकतं.

---

अतिदक्ष

यातच एक वेगळा प्रकार: अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, पाणी कमी, रक्तात सोडियम १६० (एरवी १४० च्या आसपास). गेलंय ते निव्वळ पाणी. ६० किलोच्या वृद्धात शरीरातलं पाणी वजनाच्या निम्मं धरलं तर ३० लिटर; तूट = ३० × (१६०/१४० − १), म्हणजे ४.३ लिटर. हे एका दिवसात भरायचं नसतं. मेंदूच्या पेशींनी वाढलेल्या सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं, पाणी भसकन आलं की त्या सुजतात. २४ तासांत सोडियम १० च्या आसपास उतरेल असा वेग, म्हणजे दोन दिवस, आणि रोजचा नेहमीचा ऱ्हास वेगळा. नळीतून साधं पाणी चालतं, नाहीतर डी-५. डी-५ ची खरी जागा ही. बीपी पडलेलं असेल तर आधी सलाइनने ते सावरायचं.

शीर मिळत नसलेल्या वृद्धांना मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली बारीक सुईने नॉर्मल सलाइन देता येतं, एका जागी मिनिटाला १ मिली, दिवसाला दीड लिटरपर्यंत. शॉकमध्ये याचा उपयोग नाही.

---

चिमट

तीव्र कुपोषित मुलाचा नियम वेगळा. त्याच्या शरीरात सोडियम आधीच जास्त साठलेलं, पोटॅशियम रितं, हृदय दुबळं. नेहमीचं ओआरएस आणि शिरेतलं द्रव दोन्हींनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. तिथे रीसोमल, म्हणजे कुपोषित मुलांसाठीचं वेगळं ओआरएस: सोडियम ४५, पोटॅशियम ४०. दर अर्ध्या तासाला किलोमागे ५ मिली, दोन तास. नंतर तासाला किलोमागे ५ ते १० मिली, उपचाराच्या दुधाबरोबर आलटून पालटून. श्वास आणि नाडी दोन्ही वाढल्या तर लगेच थांबायचं. शिरेतून फक्त शॉकमध्ये. कॉलरा असेल तर मात्र रीसोमल नाही, नेहमीचं ओआरएस, कारण तिथे सोडियम खरंच वाहून जात असतं.

---

सदाशंका

शेवटचा प्रश्न. घरी ओआरएस पाजतोय, जास्त झालं हे कसं ओळखायचं? आणि पुरलं हे?

---

वॉर्डसिस्टर

पुरलं: मूल तहानेने आसुसत नाही, चिमट लगेच बसते, दर ३-४ तासांनी फिकट लघवी होते. रुग्णालयात मोजतात तेव्हा मोठ्यांना तासाला किलोमागे अर्धा मिली, मुलांना १ मिली.

जास्त झालं: पापण्या सुजतात. ओआरएस थांबवा, अंगावरचं दूध किंवा साधं पाणी द्या. सूज उतरली की पुन्हा जुलाबाच्या हिशोबाने ओआरएस. पापण्यांबरोबर धाप लागत असेल तर वाट बघू नका, दवाखान्यात न्या.